पोरं चांगली, पण संघ कुठाय?

राधानगरी तालुक्यात यात्रेच्या दिवसांत कबड्डीच्या मैदानाकडेला घटकाभर उभे राहावे. सामना हरून पोरं बाहेर आली की गर्दीतले कुणीतरी जाणते माणूस हमखास म्हणते, "पोरं चांगली हाईत, पण टीम न्हाई." ऐकणारे मान हलवतात, चहा पितात आणि घरी जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच मैदान, तीच पोरं आणि तेच वाक्य.

हे वाक्य जरा उलगडून पाहायला हवे. पोरं चांगली असतील तर संघ का होत नाही? अंगात ताकद आहे. भाताच्या चिखलात आणि उसाच्या सरीत कामे करून पाय घट्ट झालेले आहेत. दमसास आहे, धाडस आहे. मग गाडे अडते कुठे? प्रश्न खेळाचा दिसतो खरा, पण त्याची मुळे मैदानाबाहेर, गावाच्या चावडीत आणि मंडळाच्या कट्ट्यावर आहेत. म्हणून सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांनीही यात लक्ष घालायला हवे.

कांबळवाडीचे पदक आणि आपली समजूत

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस तालुका विसरणार नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य जिंकले होते. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले, आणि तेही आपल्या तालुक्यातल्या पोराला. वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच, अशा साध्या घरातला हा मुलगा. जल्लोष झाला, मिरवणूक निघाली आणि ते योग्यच झाले.

या पदकाने एक समजूत मात्र पक्की केली. पोरगं हुशार निघालं, त्याला चांगला गुरू मिळाला, चार पैसे लावले की झाले, असे आता गावोगाव बोलले जाते. एकट्याने खेळायच्या खेळात हे बऱ्याच अंशी खरेही आहे. पण आपल्या तालुक्यातली बहुसंख्य मुले एकट्याने खेळायचे खेळ खेळत नाहीत. ती कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि फुटबॉल खेळतात. या खेळांचा हिशेब वेगळा आहे.

तो वेगळेपणा स्वप्निलच्याच कारकिर्दीतून समजतो. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाली. तिथे स्वप्निल, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेरॉन या तिघांनी याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकले. तिघांचे मिळून १७६९ गुण झाले आणि तो जागतिक विक्रम ठरला. नेमबाजीत संघाचा निकाल असा लागतो की प्रत्येकाने आपल्या निशाण्यावर गोळ्या मारायच्या आणि शेवटी गुणांची बेरीज करायची. शेजारच्याचा हात थरथरला म्हणून आपली गोळी चुकत नाही.

नेमबाजीचा संघ म्हणजे बेरीज. कबड्डीचा संघ म्हणजे बेरीज नव्हे. आणि आपण गावोगाव कबड्डीचे संघ बेरीज करून उभे करतो. या वाडीतला एक चढाईपटू, त्या गल्लीतला एक दांडगा पकडवाला, पलीकडच्या गावचा एक नावाजलेला, असे सात आकडे एकाखाली एक मांडतो. नेमके इथेच घोडे पेंड खाते.

आठ जणांचा दोर

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये माक्सिमिलियन रिंगेलमन नावाचे शेती अभियंते होते. बैल, घोडे, माणसे आणि यंत्रे यांच्याकडून शेतीची कामे करून घेताना किती ताकद लागते आणि किती वाया जाते, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावला. आधी एकेकट्याला, मग दोघांना, तिघांना, असे वाढवत आठ जणांपर्यंत नेले. हा अभ्यास १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या आकड्यांप्रमाणे आठ जणांनी मिळून दोर ओढला तेव्हा प्रत्येकाच्या ताकदीचा जेमतेम निम्मा वाटाच दोराला पोचत होता. म्हणजे आठ माणसे लावली, पण काम चार माणसांचे झाले.

शेतकऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. पैऱ्याने भाताची लावण करताना, चिखलात रुतलेली गाडी काढताना हे आपण बघतोच. "ओढा रे" म्हणताना सगळे ओरडतात, पण एकाच वेळी ओढत नाहीत. शिवाय एखाद-दुसरा नुसताच हात लावून उभा असतो.

ही दोन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे ताळमेळ नाही, सगळ्यांचा जोर एका क्षणी लागत नाही. दुसरे कारण म्हणजे अंगचोरपणा. "एवढी माणसं हाईत, मी कशाला जीव काढू?" १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दुसरे कारण वेगळे काढून दाखवले. दोर ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी माणसे ओढत आहेत असे त्याला भासवले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरीही त्याचा जोर कमी पडला. पुढच्या संशोधनात असे दिसले की प्रत्येकाने किती ओढले हे कळणार आहे, असे सांगितले की अंगचोरी कमी होते.

संघ बांधायचा म्हणजे या दोन गळत्या बुजवायच्या. ताळमेळ सरावाने येतो आणि अंगचोरी विश्वासाने व जबाबदारीने जाते. दोन्हींना वेळ लागतो. यात्रेच्या आधी आठ दिवस पोरं गोळा करून हे होत नाही.

खेळ काय सांगतो?

खो-खोचे उदाहरण घेऊ. आठ जण पाटीवर ओळीने बसलेले असतात. शेजारशेजारच्या दोघांची तोंडे उलट दिशांना. नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की त्याच्याकडे एकच उपाय उरतो, बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचे. बसलेल्याला मागचा दिसत नाही. त्याला फक्त आवाज आणि स्पर्श कळतो. खो मिळण्याआधी उठला तर चूक, मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर गडी निसटतो. खो देणाऱ्याने स्वतःच गडी मारायचा हट्ट धरला तर सगळी पाटी नुसती बघत बसते. ज्याला "मीच मारणार" असे वाटते, तो खो-खोत संघाचे नुकसान करतो, मग तो कितीही वेगवान असो.

आता कबड्डी. समोरचा चढाईला आला. कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. पुढचा क्षण शेजारच्या मध्यरक्षकाचा असतो. तो तत्काळ झेपावला तर पकड होते. तो थबकला तर चढाईपटू कोपरारक्षकाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. मध्यरेषा गाठली की त्याला ज्यांनी ज्यांनी धरले ते सगळे बाद. म्हणजे मदतीला जाणारा स्वतः बाद होण्याचा धोका पत्करून जातो. न गेला तर तो स्वतः वाचतो, पण साथीदार जातो.

संघभावना म्हणतात ती ही अर्ध्या सेकंदाची गोष्ट आहे. त्या अर्ध्या सेकंदात पोरगा विचार करत बसत नाही. "ह्यानं धरलंय म्हणजे सोडणार न्हाई" याची खात्री असेल तर तो झेपावतो. "ह्याचं काय खरं न्हाई" असे मनात असेल तर पाय जागीच राहतात. ही खात्री भाषणाने येत नाही. शंभर वेळा एकत्र पकड केली, पन्नास वेळा चुकली, पुन्हा केली, म्हणजे येते.

कबड्डीत आणखी एक सुंदर नियम आहे. बाद झालेला गडी बाहेर बसतो. त्याच्या साथीदाराने समोरचा गडी बाद केला की तो पुन्हा आत येतो, आणि तोही ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने. बोनस गुणाने मात्र कुणी आत येत नाही. म्हणजे नुसता गुण मिळवणे वेगळे आणि आपला माणूस परत आणणे वेगळे. हा फरक लहान पोरांना समजावून सांगितला तर संघ म्हणजे काय हे सांगायला दुसरे व्याख्यान नको.

आपल्याकडे गुऱ्हाळावर हेच चालते. गुळव्याची नजर काहिलीवर असते आणि जळण घालणाऱ्याचे लक्ष गुळव्यावर. रस उकळीला आला की जाळ किती ठेवायचा हे दोघांमध्ये न बोलता ठरते. जाळ घालणारा रोज नवा आणला तर गुळव्या कितीही नामांकित असला तरी गूळ बिघडायचाच. गुऱ्हाळावर आपल्याला हे कळते. मैदानावर मात्र आपण विसरतो.

संघ मोडतो कुठे?

आता जरा कडू बोलले पाहिजे. गावातला संघ मैदानावर क्वचितच मोडतो. तो बहुतेक वेळा गावात मोडतो.

पहिले कारण गटतट. सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुकांतून गावाचे दोन भाग होतात. मोठ्यांचे भांडण मतपेटीपर्यंत असते, पण पोरांपर्यंत ते मंडळाच्या रूपाने येते. एका गावात दोन मंडळे, दोन फलक, दोन जर्सी आणि दोन अर्धे संघ तयार होतात. उत्तम चढाईपटू या मंडळात आणि उत्तम कोपरारक्षक त्या मंडळात. शाळेत एका बाकावर बसणारी पोरं संध्याकाळी एकमेकांशी बोलत नाहीत, कारण बापांचे बोलणे नाही.

दुसरे कारण बाहेरचे खेळाडू. स्पर्धेला रोख बक्षीस लागले, चषकाची उंची वाढली, की मंडळाला जिंकण्याची घाई होते. मग बाहेरून दोन-तीन नावाजलेले खेळाडू "आणले" जातात. वर्षभर घाम गाळलेली गावची पोरं बाहेर पाणी द्यायला बसतात. चषक येतो, तो कार्यालयात लागतो, पण पुढच्या वर्षी सरावाला कोण येणार? चषक विकत आणता येतो, संघ विकत आणता येत नाही.

तिसरे कारण कर्णधार. जर्सी ज्याने दिली त्याचा मुलगा किंवा पुतण्या कर्णधार होतो. पोरं तोंडावर काही बोलत नाहीत, पण मैदानात त्याचे ऐकतही नाहीत. संकटात त्यांची नजर दुसऱ्याच पोराकडे जाते. म्हणजे खरा कर्णधार एक आणि कागदावरचा दुसरा.

चौथे कारण आपण मोठी माणसे. रेषेबाहेरून बाप ओरडतो, चुलता ओरडतो, मंडळाचा अध्यक्ष ओरडतो. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. चूक झाली की शिवी. शिवी खाल्लेले पोरगे पुढच्या पकडीला पुढे जात नाही, ते चूक होणार नाही अशा जागी उभे राहायला शिकते. मदतीला न जाणारा खेळाडू अशा ओरड्यातूनच तयार होतो.

पाचवे कारण निसर्गाचे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस मैदान ठेवत नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धातच सुरू होतो. दाजीपूरच्या बाजूच्या शाळांतली मुले अनेकदा कोरड्या मैदानावर पुरता सराव न करताच तालुक्याला उतरतात. याला कुणाचा दोष नाही, पण त्यावर उपाय शोधला पाहिजे.

बाहेरच्या उदाहरणांतून काय घ्यावे?

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीत दोन धक्के बसले. १९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून सतत सुवर्ण जिंकणारा भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. परका देश, परकी भाषा, वेगळे रीतिरिवाज, अशा ठिकाणी एक मराठी बाई जाते, त्यांची फारसी भाषा शिकते, त्यांना योगासने आणि प्राणायाम शिकवते आणि कबड्डी ज्या देशाची त्याच देशाला हरवणारा संघ उभा करते.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या मुली कमी होत्या असे मुळीच नाही. घ्यायचे ते हे की प्रशिक्षकाने आधी खेळाडूंची भाषा शिकली. आपल्या गावात भाषा एकच आहे, तरी पोराच्या घरी काय चालले आहे, तो सरावाला उशिरा का येतो, धार काढून येतो की दुकान बंद करून येतो, हे किती जण विचारतात? तीही एक भाषाच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. एकवीस जणांच्या त्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती आणि बाकीची वेगवेगळ्या राज्यांतली. भाषा, जेवण, सवयी, सगळे निरनिराळे. पोर्तुगालचे प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांनी कर्णधार स्वतः नेमला नाही. त्यांनी खेळाडूंना मत द्यायला सांगितले आणि पोरांनी मणिपूरच्या अमरजित सिंगला निवडले.

भारत ते तिन्ही सामने हरला हेही सांगितले पाहिजे. अमेरिका, कोलंबिया आणि घाना हे संघ वरचढ होते. मनाने एक झालेला संघ प्रत्येक वेळी जिंकतोच असे नाही. पण कोलंबियाविरुद्ध एक गोल मागे असताना भारताने बरोबरी साधली, जीक्सन सिंगने विश्वचषकातला देशाचा पहिला गोल केला, आणि शेवटी २-१ असा निसटता पराभव झाला. आपल्यापेक्षा ताकदवान संघासमोर शेवटपर्यंत न विस्कटणे, ही संघाची खरी परीक्षा असते.

दोस्ती म्हणजे संघ नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आमच्या पोरांची लई दोस्ती हाय, एका ताटात जेवत्यात," असे काही मंडळे अभिमानाने सांगतात. दोस्ती चांगलीच. पण खेळाच्या मानसशास्त्रात एकीचे दोन प्रकार मानतात. एक एकमेकांशी जवळीक असण्याची एकी आणि दुसरी कामासाठीची एकी, म्हणजे आपल्याला काय साधायचे आहे आणि त्यात माझे काम कोणते यावर एकमत.

नुसत्या दोस्तीचा संघ एका खड्ड्यात पडतो. मित्राची चूक त्याला तोंडावर सांगितली जात नाही. एकाच भावकीची पाच पोरं असली तर चेंडू त्या पाचांतच फिरतो आणि सहावा-सातवा नुसता धावत राहतो. सामना हरला तरी रात्री जेवण झकास होते. उलट, एकमेकांच्या घरी फारसे न जाणारी, पण "तू धर, मी येतो" हे वचन पाळणारी पोरं चांगला संघ होऊ शकतात.

म्हणून गटातटातल्या घरांना आधी दिलजमाई करा असे कुणी सांगत नाही. ती होईल तेव्हा होईल. बापांनी बोलले नाही तरी चालेल. पोरांनी मैदानावर एकमेकांच्या मदतीला जायचे, एवढे ठरले तरी सुरुवात होते.

मग करायचे काय?

सल्ला देणे सोपे असते, म्हणून पैसा फारसा न लागणाऱ्या आणि गावाच्या हातात असलेल्या गोष्टीच इथे मांडतो.

पहिली गोष्ट, एक गाव एक संघ, आणि तोही निदान तीन वर्षे. मंडळे दोन राहू द्यात, फलक दोन राहू द्यात, पण चौदा ते सतरा वयाच्या मुलांचा संघ गावाच्या नावाने एकच असावा. दहा-बारा नावे हंगामाच्या सुरुवातीला ठरवावीत आणि एका पराभवाने बदलू नयेत. हा ठराव ग्रामसभेत झाला तर कुणा एका गटाचा राहत नाही.

दुसरी गोष्ट, कर्णधार पोरांनी चिठ्ठीने निवडावा. चिठ्ठ्या शाळेच्या शिक्षकांनी मोजाव्यात. ज्याने जर्सी दिली त्याचे आभार फलकावर मानावेत, मैदानात नको.

तिसरी गोष्ट, जोडीचा सराव. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक यांनी रोज पंधरा मिनिटे फक्त एकत्र पकड करायची. खो-खोत शेजारशेजारच्या दोघींनी खो द्यायचा-घ्यायचा सराव करायचा. एवढ्याला मोठे मैदान लागत नाही. पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा सोसायटीचे रिकामे गोदाम चालते, मात्र खाली गवत किंवा जुन्या सतरंज्या टाकायला विसरू नये. फरशीवर पडून गुडघे फोडून घ्यायचे नाहीत.

चौथी गोष्ट, एक वही. आपण चढाईचे गुण मोजतो, कारण टाळ्या त्यालाच पडतात. एका पोराला वही देऊन मदतीला कोण किती वेळा गेला हे लिहायला सांगावे. पकड झाली की नाही हे महत्त्वाचे नाही, गेला की नाही हे लिहायचे. आठवड्याने ती यादी सर्वांसमोर वाचावी. दोर ओढणाऱ्यांची अंगचोरी कशाने कमी झाली ते वर सांगितलेच आहे. आपण केलेली मदत कुणीतरी पाहते, हे पोराला कळले पाहिजे.

पाचवी गोष्ट, रेषेबाहेरचा आवाज एकच, प्रशिक्षकाचा. बापाने, चुलत्याने, अध्यक्षाने टाळ्या वाजवाव्यात, सल्ला देऊ नये. सामना हरल्यावर त्या रात्री चुकांचा पाढा नको. दुसऱ्या दिवशी पोरांनाच गोल बसवून विचारावे, "कुठं चुकलं?" उत्तर त्यांच्याच तोंडून आले की ते टिकते.

सहावी गोष्ट यात्रा कमिट्यांसाठी. स्पर्धेच्या नियमांत एक ओळ घालावी की मैदानात उतरणाऱ्या सातांपैकी निदान पाच जण त्याच गावचे असावेत. ओळखीसाठी आधार कार्ड पाहावे. बक्षिसाचा काही भाग रोख न देता गावच्या नावाने चटई, जर्सी, प्रथमोपचार पेटी अशा रूपात द्यावा. बाहेरचे खेळाडू आणण्याची चढाओढ त्यामुळे आपोआप कमी होईल. चार शेजारगावांनी मिळून एकदम सुरुवात केली तर कुणा एकाचे नुकसान होणार नाही.

सातवी गोष्ट ग्रामपंचायतीची. मैदानाची जागा कागदावर नक्की करून घ्या. शाळेचे असो वा गावठाणातले, आज त्यावर गवताच्या गंजी, ट्रॉल्या आणि वाळूचे ढीग आहेत. क्रीडांगण विकासासाठी शासनाची अनुदान योजना आहे. तिची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करून प्रस्ताव पाठवता येतो. प्रस्ताव पाठवायला जागेचा उतारा लागतो आणि तिथेच बहुतेक गावे मागे राहतात. दोन दिवे लागले तर डेअरीला दूध घालून आलेली पोरंही सरावाला येतील.

आठवी गोष्ट मुलींची. खो-खो आणि कबड्डीत आपल्या मुली कुठेही कमी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच. पण गावात मुलींचा संघ आठवी-नववीपर्यंत टिकतो आणि पुढे विरतो. कारण सराव अंधार पडेपर्यंत चालतो आणि घरचे काळजी करतात. त्यांचे बरोबरच आहे. मग सरावाची वेळ शाळा सुटल्याबरोबर ठेवावी, एखादी शिक्षिका किंवा आई मैदानावर असावी आणि सगळ्या मुली एकत्रच घरी जाव्यात. तेवढ्याने दोन वर्षांचा संघ चार वर्षांचा होतो.

"ह्यातनं पोराला काय मिळणार?"

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो आणि तो रास्त आहे. शेती परवडेना, म्हणून पोरगे भरतीची तयारी करते, कागलच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जाते, नाहीतर पुणे गाठते. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. ती प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला प्रो कबड्डीत २०१९ च्या हंगामासाठी १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, हे खरे. पण सिद्धार्थ देसाई एखादाच होतो. त्या आशेवर गावाचा संघ उभा करणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर कर्ज काढणे.

मग बाकीच्यांना काय मिळते? स्वप्निलची वाट पाहा. २००९ मध्ये तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तिथे त्याने नेमबाजी निवडली आणि पॅरिसचे पदक पंधरा वर्षांनी आले. एकट्याच्या खेळालाही इतका धीर लागतो, मग संघाला कमी कसा लागेल? हा धीर आणि आपले काम चोख करून दुसऱ्याच्या मदतीला जाण्याची सवय, दोन्ही पोराबरोबर कारखान्यात जातात, फौजेत जातात आणि गावात राहिला तर शेतातही जातात.

गावाला काय मिळते ते आणखी मोठे आहे. आजची पंधरा वर्षांची पोरं वीस वर्षांनी दूध संस्थेत, पाणी संस्थेत, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत बसणार आहेत. तेव्हा ती समोरासमोरच्या दोन फळ्यांत बसणार की एका टेबलाभोवती, हे काही अंशी आज मैदानावर ठरते आहे. एकदा पकडीला एकत्र झेपावलेली दोन पोरं पुढे विरोधात उभी राहिली तरी बोलणे टाकणार नाहीत, अशी आशा धरायला जागा आहे.

पावसाळ्यात राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे बघायला माणसे जातात. राजर्षी शाहूंनी हाती घेतलेल्या या धरणाच्या दरवाजांना पाण्याची पातळी चढली की कुणी उघडायला लागत नाही, आणि पातळी उतरली की ते आपोआप मिटतात. कबड्डीचा संघही सात जणांचाच असतो. वेळ आली की बाहेरून कुणी ओरडावे न लागता ज्याने त्याने आपले काम करावे, एवढीच अपेक्षा त्यांच्याकडूनही असते. फरक इतकाच की दरवाजे एकदा बसवले की झाले, पोरांचा संघ मात्र रोज संध्याकाळी नव्याने बसवावा लागतो.

यंदाच्या यात्रेआधी निदान ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "गावचा एक संघ" हा विषय घ्यावा. सरपंचांनी मांडावा आणि विरोधी गटाच्या सदस्याने त्याला अनुमोदन द्यावे. पोरांना त्याहून मोठा धडा दुसरा मिळणार नाही.